गुलाबाचा वास आणि साबणाची भीती



संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाशी जातो न जातो तोच आपल्या मंडळातल्या आयांचे फोन 'तोमोचोको' या एकाच विषयावर सुरू होतात. नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी थोडे सांगायला हवे. १४ फेब्रुवारीला जपानात बायका पुरुषांना चॉकलेट देतात, १४ मार्चला 'व्हाइट डे'ला पुरुष परतफेड करतात, आणि शाळकरी मुली आपापसांत जे चॉकलेट वाटतात ते तोमोचोको, म्हणजे मैत्रिणींचे चॉकलेट. विकत आणलेले चालते, पण 'तेझुकुरी'ला, हाताने केलेल्याला, मान जास्त. मग आपल्या मुली दुकानातल्या वड्या वितळवून बदामाच्या आकाराच्या साच्यात ओततात आणि वर रंगीत दाणे टाकतात. चॉकलेट होते तेच राहते, फक्त आकार बदलतो.

त्याऐवजी ट्रफल करावेत, आणि त्यांत आपली फुले घालावीत, गुलकंद, केवडा, मोगरा, असे आम्ही कार्यकारिणीत सुचवले तेव्हा उत्साहाने माना डोलल्या. पण लगेच एक शंका आली, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहीत आहोत. "जपानी मुलींना साबण खाल्ल्यासारखे वाटेल हो. आमच्याच पोरांना वाटते!"

शंका खोटी नाही. येथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना गुलाब भेटतो तो हात धुण्याच्या बाटलीत. आपल्यालाही गुलाब साबणात भेटला होता, दिवाळीच्या पहाटे, मोती साबणाच्या वडीत. पण आपण त्याआधी गुलकंद खाल्लेला होता, लग्नाच्या दारात अंगावर गुलाबपाणी उडवून घेतले होते. आपल्या नाकाला साबण गुलाबासारखा वाटला. मुलांच्या नाकाला गुलाब साबणासारखा वाटतो. क्रम उलटला, एवढेच.

आमचा पोटापाण्याचा धंदा रसायनशास्त्राचा असल्यामुळे हे जरा ठासून सांगतो: वास चांगला की वाईट हे बरेचसे रेणूत नसते, ओळखीत असते. मिथाइल सॅलिसिलेट घ्या. आपल्याला तो आयोडेक्सचा वास, म्हणजे मुरगळलेला पाय. अमेरिकेत तोच वास 'विंटरग्रीन' नावाने च्युइंगगममध्ये आणि रूट बिअरमध्ये आवडीने खातात-पितात. जपानी माणसाला रूट बिअर दिली तर तो "शिप्पू!" म्हणतो, म्हणजे पाठीला लावायची औषधी पट्टी. रेणू तिन्हीकडे तोच.

याहून जवळचे उदाहरण आपल्या गल्लीतच आहे. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात नागोयाभर दरवळणारी किनमोकुसेइची नारिंगी फुले. १९७०च्या दशकापासून पुढची दोनेक दशके हाच वास संडासातल्या सुगंधी वड्यांना देत असत, त्यामुळे एका अख्ख्या पिढीला ते झाड फुलले की संडास आठवे. पुढे त्या वड्यांना लॅव्हेंडर वगैरे वास आले. आता किनमोकुसेइची अत्तरे, चहा, मिठाया तरुण मुली हौसेने घेतात. फुलात काही बदल झाला नाही. म्हणून आमचे मत असे की 'साबण वाटेल' हे गुलाबाचे ट्रफल न करण्याचे कारण नसून करण्याचे कारण आहे. वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी गुलाब, केवडा, मोगरा हे खाण्याचे वास म्हणून ओळखीचे झाले नाहीत, तर विशीत भारतात गेल्यावर मावशीने प्रेमाने पुढे केलेला विडा आपली मुले बाजूला सारतील. मराठी वाचायला शिकवण्यासाठी आपण शनिवारचे वर्ग घेतो; नाकासाठी अजून काही केलेले नाही.

दुसरा आक्षेप: चॉकलेटमध्ये फुले ही ओढूनताणून जुळवलेली जोडी आहे. तसे नाही. भाजलेल्या कोकोत लिनालूल असते, जे मोगऱ्यातही असते, आणि फेनिलइथाइल अल्कोहोल असते, जे गुलाबपाण्याचा मुख्य घटक आहे. एक्वादोरच्या 'नासिओनाल' जातीच्या कोकोची ख्याती तर फुलांसारख्या वासासाठीच आहे. चॉकलेटमध्ये फूल आधीच आहे. आपण त्याचा आवाज थोडा वाढवतो.

तिसरा आक्षेप 'केमिकल'चा. इसेन्सच्या बाटलीतला रेणू आणि पाकळीतला रेणू यांत फरक करता येत नाही, आणि खाण्यासाठी म्हणून विकलेला इसेन्स विष नव्हे. पण बाटलीत बहुधा मोजके चार-पाच रेणू असतात आणि गुलाबात शेकडो. त्यांतला दमास्कनोन तर अतिसूक्ष्म प्रमाणात असतो, तरी गुलाबाला गुलाबपण देण्यात त्याचा वाटा मोठा. मुलांना 'साबण' वाटतो तो बहुतेक वेळा हाच चार रेणूंचा गुलाब, आणि तोही सढळ हाताने ओतलेला. केवड्याचे थोडे वेगळे आहे. ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून येणाऱ्या केवड्याच्या वासाचा मोठा भाग एकाच रेणूचा असतो, आणि तो म्हणजे गुलाबपाण्यातल्या त्याच अल्कोहोलाचा मिथाइल ईथर. म्हणजे गुलाब आणि केवडा सख्खे चुलतभाऊ. त्यामुळे केवड्याची बाटली त्यातल्या त्यात कमी लबाडी करते.

आता कृती. डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या चार वड्या, आणि क्रीम १०० ग्रॅम. सुपरमार्केटात क्रीमच्या शेजारीच तसल्याच खोक्यात 'होइप्पु' मिळते, ते वनस्पती तेलाचे असते आणि स्वस्त असते, ते नको. क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवावे, बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओतावे, मिनिटभर हात लावू नये, मग मधोमध गोल गोल ढवळत बाहेर यावे. चकचकीत झाले की जमले. तूपकट फुटले तर चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा ढवळावे. थंड करून गोळ्या वळाव्यात आणि कोको पावडरीत घोळवाव्यात. लाडू वळणाऱ्या हातांना याहून जास्त सांगण्याची गरज नाही, फक्त हात थंड हवेत. कोकोचे लोणी ३३-३४ अंशाला वितळते आणि आपला तळहात त्याच्या फार खाली नसतो. गणपतीत हा उद्योग करू नये, नागोयाचा ऑगस्ट-सप्टेंबर आपल्याला माहीत आहेच.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: गुलाबपाणी वितळलेल्या कोरड्या चॉकलेटमध्ये थेंबभरही टाकू नये. साखरेचे कण तेवढ्या ओलाव्याला चिकटतात आणि सगळे दगडासारखे घट्ट होते. वास नेहमी क्रीममधून जावा. गुलाबपाणी एक मोठा चमचा, केवडापाणी अर्धा चहाचा चमचा, तेही क्रीम आचेवरून उतरवल्यावर. केवड्याचा इसेन्स असेल तर दातकोरणीच्या टोकाला लागेल तेवढाच. गुलाबपाणी खाण्याचे आहे की चेहऱ्याला लावण्याचे, हे बाटलीवर वाचून घ्यावे. गुलकंद दोन मोठे चमचे, पण मग चॉकलेट ७० टक्क्यांचे घ्यावे, नाहीतर गोडाने दात शिवशिवतात.

मोगऱ्याचे आम्हांला विशेष कौतुक आहे. उन्हाळ्यात माठात वाळा आणि मोगऱ्याची फुले टाकण्याची आपल्याकडची रीत म्हणजे थंड पद्धतीने अर्क काढणेच. मोगरा उकळायचा नसतो, रात्रभर सोबत ठेवायचा असतो. फेब्रुवारीत नागोयात मोगरा कुठून आणणार? तर जास्मिन चहातून. हा चहा मोगऱ्याच्याच फुलांनी वासवतात. संध्याकाळी उमलू लागलेल्या कळ्या चहाच्या पत्तीत मिसळतात, रात्रभर ठेवतात आणि सकाळी फुले वेगळी करतात. सुटी पत्ती दहा ग्रॅम, १३० ग्रॅम थंड क्रीममध्ये घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी, सकाळी गाळावी. पत्ती थोडे क्रीम पिते म्हणून तीस ग्रॅम जास्त. गरम क्रीममध्येही होते, पण चहाचा तुरटपणा उतरतो.

आणि जपानी मैत्रिणीला ओळखीचे काही द्यायचे असेल तर साकुरा आहेच. गंमत अशी की साकुरामोचीचा तो वास ताज्या पानाला नसतो. मिठात मुरवल्यावर पानातली संयुगे फुटून कुमारीन तयार होते, तेव्हा तो येतो. शेजारच्या शिझुओका प्रांतात, इझुमधल्या मात्सुझाकी गावी ही पाने खारवण्याचा मोठा व्यवसाय आहे. एक पान धुऊन, अगदी बारीक चिरून पांढऱ्या चॉकलेटच्या ट्रफलात घालावे. कैरी मुरवणाऱ्यांना हे शास्त्र नवे नाही.

येथवर हौसेची गोष्ट झाली. यापुढचे मात्र आयाबापांनी मुलांना वाचून दाखवावे.

'जास्मिन' नावाचे प्रत्येक झाड मोगऱ्याच्या घरचे नसते. एप्रिलमध्ये येथल्या कुंपणांवर पिवळ्या कर्ण्यांसारख्या फुलांनी लगडलेला वेल दिसतो, रोपवाटिकेत त्याला 'कॅरोलाइना जास्मिन' म्हणतात, वासही गोड. तो वेल जाई-जुईच्या नात्यातला नाही आणि पूर्ण विषारी आहे. नावावर भुलून त्याच्या फुलांचा चहा केल्यामुळे जपानात विषबाधा झालेली आहे. रस्त्याकडेची कण्हेर विषारी आहे, आपण ती देवाला वाहतो म्हणून ती प्रसादात चालत नाही. सुझुरान ही इवलीशी पांढरी घंटाफुले विषारी, अगदी फुलदाणीतले त्यांचे पाणीसुद्धा. अजिसाइची पाने २००८च्या जूनमध्ये त्सुकुबातल्या एका उपाहारगृहात शोभेसाठी ताटात ठेवली होती, ती खाऊन गिऱ्हाइके आजारी पडली. शोभेचे म्हणून जे ताटात येते ते खाल्ले जाते, हा यातला धडा.

फुलांच्या दुकानातला गुलाबही नको. तो खाण्यासाठी वाढवलेला नसतो. त्यावर काय आणि केव्हा फवारले याचा हिशोब खाणाऱ्याच्या दृष्टीने कोणी ठेवलेला नसतो. आपण राहतो तो आइची प्रांत फुलांच्या उत्पादनात जपानात पहिला आहे, आणि तोयोहाशी खाण्यासाठी मुद्दाम वाढवलेल्या फुलांबद्दल प्रसिद्ध आहे. मोठ्या सुपरमार्केटात त्या फुलांच्या लहान डब्या मिळतात. वास त्यांना बेताचाच, पण ट्रफलवर एक पाकळी हवी असेल तर ती या डबीतली असावी.

मग एवढा खटाटोप कशाला, स्टेशनवरच्या ताकाशिमायात सगळे तयार मिळतेच की, असे काहीजण म्हणतील. मिळते. तिथला 'आमूर द्यु शोकोला' मेळा पाहण्यासारखाच असतो, आणि फुलांच्या स्वादाची चॉकलेटेही तिथे सापडतात. पण एका लहानशा डबीला दोन-अडीच हजार येन सहज जातात, आणि विकतच्या ट्रफलमध्ये बरेचदा 'योशु', म्हणजे विलायती दारू, असते. लेबलावर लिहिलेले असते, पण ते कांजी वाचायचे सुचत नाही. घरच्यात दारू नाही, अंडे नाही, जिलेटिन नाही. आपल्या शाकाहारी घरांना एवढी निर्धास्त मिठाई या देशात फार कमी मिळते. (व्हाइट डेची सुरुवात फुकुओकाच्या एका मिठाईवाल्याच्या 'मार्शमेलो दिना'तून झाली. आपल्यातले किती गृहस्थ मार्शमेलोत जिलेटिन आहे हे माहीत नसताना ती परतफेड करत असतील कोण जाणे.)

मंडळाच्या स्टॉलवर हे विकावे अशीही एक सूचना आली आहे. तिला आमचा विरोध आहे. घरच्या ओट्यावर केलेला खाद्यपदार्थ विकायला जपानात होकेन्जोची परवानगी लागते, आणि हौसेपायी मंडळाला त्या भानगडीत पाडू नये. मैत्रिणीला भेट देण्याला अशी आडकाठी नाही. मात्र प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी हवी: आत दूध आहे, सोया आहे, काजू-बदाम असल्यास तेही, आणि तीन दिवसांत फ्रिजमधून संपवावे. चिठ्ठी मुलींनी स्वतः जपानीत लिहावी, त्यांचे अक्षर आपल्यापेक्षा चांगले असते. त्याखाली फुलाचे नाव देवनागरीत लिहायला हरकत नाही.

तेव्हा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी वॉर्डातल्या शोगाइ गाकुशू सेंटरचे स्वयंपाकघर घ्यावे, खर्च हजर कुटुंबांनी वाटून घ्यावा आणि मुलांनाही बोलवावे; मार्चमध्ये त्यांनाही परतफेड करायची आहेच. चॉकलेट आणि क्रीम एकत्र आणू. जास्मिन चहाचे क्रीम आदल्या रात्री भिजवण्याचे काम आमच्याकडे. येताना प्रत्येकाने एक जुना टी-शर्ट आणि झाकणाचा डबा आणावा. ज्यांच्याकडे भारतातून नुकतीच गुलकंदाची बरणी आली असेल त्यांनी ती लपवून न ठेवता कार्यकारिणीला कळवावे.