शब्दविचार : ‘युनिक’

‘युनिक’ हा इंग्रजी शब्द आतां मराठी घरांत सर्रास ऐकूं येतो. साडी युनिक, लग्नपत्रिका युनिक. बाळाचें नांव तर ‘अगदीं युनिक’ हवें! तेव्हां या शब्दाचा थोडा विचार आम्ही आज करणार आहों.

लॅटिनमध्यें ‘उनुस’ म्हणजे एक. त्यापासून ‘उनिकुस’, म्हणजे एकुलता एक. फ्रेंचमधून हा शब्द 1600 च्या सुमारास इंग्रजींत आला. आपला ‘अद्वितीय’ हा त्याचा नेमका प्रतिशब्द : ज्याला दुसरा नाहीं तो. दुसरा नसण्यांत तर-तमभाव कोठून येणार? लघु, लघुतर, लघुतम असें होतें. ‘अद्वितीयतर’ कोणी म्हणत नाहीं. इंग्रजी कोश आतां ‘असाधारण’ हा सैल अर्थही नोंदतात, हें खरें. परंतु नेमका शब्द सैल झाला, कीं खरोखर एकमेव असलेल्या वस्तूसाठीं शब्दच उरत नाहीं.

शिवाय हा शब्द उच्चारणारावर मोठी जबाबदारी येते. औंढा नागनाथ येथें नंदी देवासमोर नसून मंदिराच्या मागील बाजूस आहे. त्यास ‘अद्वितीय’ म्हणणारानें भरतखंडांतील सारीं शिवालयें पाहिलेलीं असावींत! ‘विरळा’ म्हणावें, तेवढें पुरे.

मुख्य म्हणजे एकटेपण निराळें आणि थोरवी निराळी. नागनाथ बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक मानला जातो. बारांत एक म्हणून भाविकाची श्रद्धा उणी होत नाहीं. याच तालुक्यांत दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल 2023 मध्यें मान्यता दिली. खर्चाचा अंदाज 2600 कोटी रुपये. तिच्या 4 किलोमीटर लांबीच्या भुजा अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांसारख्याच योजिल्या आहेत. लहर निरनिराळ्या स्थळीं केव्हां पोहोंचली, त्या वेळांतील अंतरावरून तिची दिशा ठरते. एकट्या यंत्रास ती नीट सांगतां येत नाहीं. म्हणजे या वेधशाळेचें मोल तिला भावंडें आहेत म्हणूनच आहे.

बाळाच्या नांवाचेंही असेंच आहे. कोशांत नसलेलीं, अर्थहीन अक्षरें जुळवून मूल अद्वितीय होत नाहीं. तें जन्मतःच तसें असतें. उच्चारास सुलभ, अर्थानें शुद्ध असें नांव ठेवावें. आळींत त्याच नांवाचीं आणखी तीन मुलें असलीं, तरी आई हाक मारील तेव्हां तिचें तेंच ‘ओ’ देईल.