प्रबंध घरच्यांना समजला पाहिजे

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आज महाविद्यालयात शिकणारी मुले आहेत आणि काहींच्या घरी तर विद्यापीठात पीएच.डी.साठी प्रबंध लिहिणारा मुलगा वा मुलगी आहे. आईवडिलांस त्याचा सार्थ अभिमान वाटतो. लग्नकार्यात, पाहुण्यारावळ्यांत ते आवर्जून सांगतातही. परंतु ‘तो नेमका कशावर लिहितो आहे?’ असे एखाद्याने विचारले की वडील मुलाकडे पाहतात आणि मुलगा म्हणतो, ‘तुम्हांला नाही कळायचे ते.’ हे वाक्य आम्हांस फार खटकते. ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन त्याची फी भरली त्याच घरात ते उच्चारले जाते, म्हणून तर ते खटकतेच. पण त्याहून अधिक खटकण्याचे कारण असे की, ‘तुम्हांला कळायचे नाही’ हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले आहे. ते ऐकविणारे निराळे होते, इतकाच काय तो फरक.

यावर संशोधक विद्यार्थी म्हणतील की विषयच कठीण, त्याला आम्ही काय करावे? विषय कठीण असतो, हे आम्हांस मान्य आहे. चार-पाच वर्षांचा अभ्यास चार वाक्यांत मावणार नाही. पण त्या अभ्यासामागचा प्रश्न मात्र चार वाक्यांत मावलाच पाहिजे. वकिलीच्या धंद्यात आम्हांस याचा रोज प्रत्यय येतो. दावा कितीही गुंतागुंतीचा असो, ज्या वकिलाला तो आपल्या अशिलास समजावून सांगता येत नाही, त्याला तो न्यायाधीशापुढेही नीट मांडता येत नाही. कारण बहुधा तो त्यालाच पुरता उमगलेला नसतो.

एक उदाहरण घेऊ आणि ते आपल्याच घरातले घेऊ. परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आपल्या प्रत्येक घरी आहे आणि तिच्याखाली ‘डॉ.’ हे अक्षरही आहे. ते अक्षर कोणत्या संशोधनासाठी मिळाले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? बाबासाहेबांनी अर्थशास्त्रात दोन मोठे प्रबंध लिहिले. एक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी. तो १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १९२७ साली त्यावर पीएच.डी.ची पदवी मिळाली. दुसरा लंडन विद्यापीठासाठी. त्यावर त्यांना १९२३ साली डी.एस्‌सी. ही पदवी मिळाली.

पहिल्याचा विषय ब्रिटिश अमदानीतील प्रांतांचा जमाखर्च. एकत्र कुटुंबात कमाई सर्वांची आणि तिजोरीची किल्ली मात्र थोरल्याच्या कमरेला असली म्हणजे काय होते, हे आपणांस सांगावयास नको. धाकटा मागत राहतो, थोरला नाही म्हणत राहतो आणि काटकसर कोणीच करीत नाही. १८३३ नंतर कलकत्त्याचे मध्यवर्ती सरकार आणि मुंबई-मद्रास यांसारखे प्रांत यांचे नाते असेच झाले होते. पुढे लॉर्ड मेयो यांच्या काळात, १८७१ पासून, ही गाठ हळूहळू सैल होऊ लागली. ती कशी व कितपत सैल झाली, याचा हा इतिहास आहे.

दुसरा प्रबंध रुपयाविषयीचा आहे आणि त्याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. कारण रुपया प्रत्येकाच्या गाठीला असतो.

१८३५ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र एकाच वजनाचा, १८० ग्रेनचा चांदीचा रुपया चालू झाला. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. म्हणून रुपयाची किंमत म्हणजे जवळजवळ त्यातील चांदीची किंमत. इंग्लंडचा पौंड मात्र सोन्याचा होता. १८७० नंतर जर्मनीने चांदीचे नाणे सोडून सोन्याचे धरले, इतर देशांनीही चांदीला दारे बंद केली आणि चांदी उतरू लागली. जो रुपया पूर्वी लंडनच्या बाजारात सुमारे दोन शिलिंगांना जाई, तो १८९२ च्या सुमारास सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. सरकारला दरसाल पेन्शने, कर्जाचे व्याज वगैरेंसाठी पौंडांत रक्कम विलायतेस पाठवावी लागे. तितक्याच पौंडांसाठी आता अधिक रुपये हवे होते आणि ते रुपये रयतेकडून येणार होते.

तेव्हा २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. यापुढे रुपये पाडावयाचे ते फक्त सरकारने. पुढे एका पौंडास पंधरा रुपये हा भाव ठरला आणि लंडन-कलकत्त्याच्या दरम्यान हुंड्यांची खरेदी-विक्री करून सरकार तो भाव सांभाळू लागले. या पद्धतीस सुवर्ण-विनिमय-परिमाण म्हणतात. केन्स यांच्यासारख्या नामांकित अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली तिच्या बाजूने ग्रंथ लिहिला होता. बत्तीस वर्षांच्या बाबासाहेबांनी आपल्या प्रबंधात तिच्यावरच हल्ला चढविला.

त्यांचे म्हणणे घरगुती भाषेत असे सांगता येईल. पौंडाशी रुपयाची हुंडणावळ स्थिर राहिली, ठीक आहे. पण ज्या मजुराने जन्मात पौंड पाहिला नाही, त्याला त्या स्थिरतेचे काय? त्याचा प्रश्न एवढाच की, गेल्या साली रुपयाला जितकी ज्वारी येत होती तितकी यंदा येते की नाही. रुपये पाडण्याची कळ सरकारच्या हाती, आणि किती पाडावे याला पक्की मर्यादा नाही. बाजारात माल तितकाच राहिला आणि रुपये वाढले की प्रत्येक रुपया हलका होतो. हुंडणावळ सावरून रुपया सावरत नाही. रुपयाची बाजारातली क्रयशक्ती सावरली पाहिजे, हा त्या प्रबंधाचा गाभा आहे. त्यावरचा उपाय म्हणून त्यांनी सुचविले की, नवे रुपये पाडणे सरकारनेही बंद करावे आणि चलनात सोन्याचे नाणे आणावे. कारण हुकूम काढून रुपये वाढविता येतात, सोने वाढविता येत नाही.

यात आणखी एक मुद्दा आहे व तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रुपया उतरला तेव्हा परदेशी माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्यास तितक्याच शिलिंगांचे अधिक रुपये मिळू लागले. व्यापार भरभराटला, देशाचे कल्याण झाले, असे पुष्कळांचे मत होते. बाबासाहेबांनी विचारले की हा नफा आला कोठून? वस्तूंचे भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही. म्हणजे व्यापाऱ्याच्या खिशात पडलेला पैसा मजुराच्या ताटातून निघाला होता. चलनासारख्या रुक्ष विषयात हा प्रश्न विचारण्यासाठी आकडेमोड यावी लागते, आणि आपण कोणाच्या बाजूने पाहतो आहोत हेही ठाऊक असावे लागते.

आता पाहा, एवढे सांगावयास किती वेळ लागला? आणि यात एकही शब्द असा नाही की जो बाजारहाट करणाऱ्या गृहिणीस समजणार नाही.

संशोधन सांगताना त्याच्या मर्यादाही सांगाव्यात. बाबासाहेबांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी त्या ग्रंथास प्रस्तावना लिहिली आणि तीतच काही बाबतींत आपले मत भिन्न असल्याचे स्वच्छ नमूद केले. बाबासाहेबांनी ती प्रस्तावना तशीच छापली. सोन्याचे चलन पुढे जगाने सोडले. ब्रिटनने १९३१ साली आणि अमेरिकेने शेवटचा धागा १९७१ साली तोडला. म्हणून तो उपाय आज कोणी सुचविणार नाही. प्रश्न मात्र जिवंत आहे. भाववाढीला किती मर्यादा असावी हे कायद्याने ठरवून द्यावे, यासाठी रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, ती याच काळजीपोटी. आणि व्यासपीठावरील आमच्या वक्त्यांची क्षमा मागून एक गोष्ट सांगतो. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष दिली, हे खरे. त्या कमिशनने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली व १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली, हेही खरे. पण एवढ्यावरून ती बँक त्यांच्या एकट्याच्या ग्रंथातून जन्मली असे म्हणणे, हे पुराव्याच्या पलीकडे जाणे होय. पुराव्याला धरून जेवढे सांगता येते तेवढेच मुळी इतके मोठे आहे की त्याला ठिगळ लावण्याची गरज नाही.

लोकांच्या भाषेत सांगितले तर विषयाची प्रतिष्ठा जाते, अशी समजूत काही विद्वानांत असते. ती जुनी आहे. विनयपिटकात कथा आहे की, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी भगवान बुद्धांकडे तक्रार केली: नाना कुळांचे लोक संघात येतात आणि आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवितात, तरी ते छंदस् भाषेत घालण्याची अनुज्ञा असावी. भगवंतांनी त्यांचा निषेध केला आणि आपापल्या भाषेत वचन शिकावे अशी अनुज्ञा दिली. या अनुज्ञेतील शब्दांच्या अर्थाविषयी भाष्यकारांत मतभेद आहेत. परंतु छंदस् भाषेस दिलेल्या नकाराविषयी नाहीत.

मायबाप वाचकहो, आपणही एक करावे. मुलास विचारावे, आणि पहिल्या उत्तराने गप्प बसू नये. तू शोधतोस काय? ते ठाऊक नसल्याने कोणाचे अडले आहे? तुला सापडले काय? तुझ्याशी कोण असहमत आहे? विचारण्यात संकोच कसला? त्याची अधिछात्रवृत्ती सार्वजनिक पैशातून येते. तो आपला पैसा आहे. बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, ही धास्ती नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांस अद्याप असते, म्हणून येथे सांगून ठेवतो की १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा त्या आदेशात समावेश झालेला आहे. जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवावे. अर्ज बहुधा तेथेच अडतो.

आमची एक सूचना आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर, परिसरातील एका संशोधकास पंधरा मिनिटे द्यावीत. भाषण मराठीत व्हावे, कागद न वाचता व्हावे. नंतर प्रश्न विचारण्याचा पहिला हक्क शाळेत न गेलेल्या वडीलधाऱ्या बायामाणसांचा असावा. विद्यापीठातील तोंडी परीक्षा त्यानंतर येईल. ती या परीक्षेहून पुष्कळ सोपी वाटेल, असा आमचा अंदाज आहे.