शाळेतला सातबारा



सोयाबीनची मळणी उरकायची आहे, कापसाची पहिली वेचणी तोंडावर आली आहे, आणि रब्बीसाठी वाफसा गेला तर पुन्हा पाऊस पडणार नाही. अशा गडबडीत तुम्ही असताना शाळेची गोष्ट काढणे म्हणजे खळ्यावर पोथी वाचण्यासारखे आहे, हे मला कळते. तरीपण आज पाच-दहा मिनिटे मागतो. कारण याच दिवसांत हायस्कुलात तुमच्या मुलामुलींचे असे काही कागद तयार होत असतात, की ते एकदा चुकले तर पुढे वर्षानुवर्षे तालुक्याच्या खेपा घालाव्या लागतात.

तलाठ्याकडून सातबारा आणला की आपण तो किती बारकाईने पाहतो! नाव बरोबर आहे का, गट नंबर तोच आहे का, गुंठाभर इकडचा तिकडे तर झाला नाही ना? ज्याला अक्षर येत नाही तोसुद्धा चार जणांकडून वाचून घेतो. मुलांचाही असाच एक सातबारा शाळेच्या कपाटात असतो. त्याला जनरल रजिस्टर म्हणतात. मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात-पोटजात हे सारे त्यात लिहिलेले असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो आणि दहावीच्या परीक्षेचा फॉर्मही त्यावरूनच भरला जातो. हे रजिस्टर आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिले आहे?

पूर्वी घरी जन्म झाला, पंचायतीत नोंद झाली नाही, की शाळेत नाव घालताना मास्तर १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. म्हणून आज पन्नाशी-साठीच्या कितीतरी लोकांचा कागदावरचा वाढदिवस १ जूनला येतो. त्या काळी ते चालून गेले. आता आधार कार्डावर एक तारीख, पंचायतीच्या दाखल्यावर दुसरी आणि शाळेत तिसरी असली, की शिष्यवृत्ती अडते, प्रवेश अडतो, नोकरीच्या वेळी तर हमखास अडते. नावाचेही तसेच. घरात ‘बाळू’, शाळेत ‘बाळासाहेब’ आणि आधारवर ‘बाळकृष्ण’ अशी एकाच पोराची तीन नावे झाली, तर तीनही खरी असून एकही कामाला येत नाही.

दहावीच्या परीक्षेचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आगेमागे शाळेमार्फत ऑनलाइन भरले जातात. त्यानंतर मंडळाकडून मुलांची यादी शाळेकडे पडताळणीसाठी येते. तिला प्री-लिस्ट म्हणतात. मुख्याध्यापक ती रजिस्टराशी ताडून पाहतात आणि मुलांनाही दाखवतात. पंधरा वर्षांचे पोर मित्रांच्या घोळक्यात उभे राहून आपले नाव कितपत तपासणार? म्हणून त्या दिवशी आईबापांपैकी एकाने शाळेत जावे. सोबत पंचायतीचा जन्मदाखला आणि आधार कार्ड न्यावे. स्वतःला वाचता येत नसेल तर गुरुजींना एकेक अक्षर मोठ्याने वाचायला सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मूल शाळेत शिकत असेतोवर चूक दुरुस्त होऊ शकते. मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायचा, पुरावे जोडायचे, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आली की रजिस्टरात दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर मात्र हे काम फार जड जाते. दहावीचे प्रमाणपत्र छापून आले, की प्रकरण विभागीय मंडळापर्यंत जाते. राज्यात अशी नऊ मंडळे आहेत: पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण. मेळघाटातल्या पालकाने अमरावतीला किती खेपा घालायच्या? बैल गेला अन् झोपा केला, असे होऊ देऊ नका.

आता आठवीची मुले ज्यांच्या घरात आहेत त्यांच्यासाठी.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. सरकारी व अनुदानित शाळांत दुपारचा पोषण आहार आणि फुकट पुस्तके मिळतात तीही आठवीपर्यंतच. नववीत गेले की पुस्तके विकत, डबा घरचा, आणि हायस्कूल दुसऱ्या गावी असेल तर रोजचा प्रवास. खर्च वाढतो आणि नेमके त्याच वयात पोर हाताशी येते. ‘एवीतेवी अभ्यासात फार डोके नाही, राहू दे शेतात,’ असे कुणीतरी म्हणते आणि नाव शाळेतून कमी होते. तेव्हा हे वळण येण्याआधीच तयारी करावी.

त्यासाठी एक चांगली वाट आहे. केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांतील मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत देता येते. शाळेत तिला एनएमएमएस म्हणतात. आपल्या राज्यात ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी अशी चार वर्षे, वर्षाला १२,००० रुपये मिळतात. म्हणजे एकूण ४८,००० रुपये झाले. आईवडिलांचे मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे, मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारे हवे, आणि सातवीत ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. परीक्षेत दोन पेपर असतात. एक बुद्धीचा, दुसरा शाळेतल्या विषयांचा, आणि प्रत्येकी ९० गुण. अलीकडे ही परीक्षा डिसेंबरात होते, म्हणून अर्ज त्याआधीच भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसिलातून काढायला वेळ लागतो, तो शेवटच्या दिवसावर ठेवू नका. पैसे थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. खात्यावरचे, आधारवरचे आणि शाळेतले नाव एकच हवे. पुन्हा तोच शाळेतला सातबारा!

मुलींच्या आईबापांना वेगळे चार शब्द सांगायचे आहेत.

मुलगी नववी-दहावीत घरी बसते, त्याची कारणे गावागावात तीच असतात. हायस्कूल लांब, रस्ता सुना, येता-जाता अंधार, आणि घरात धाकटी भावंडे. ही कारणे खोटी नाहीत. ज्याच्या घरात मुलगी आहे त्यालाच ती काळजी कळते. पण त्यावर काय सोय आहे तेही माहीत हवे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मोफत आहे. मुलांनाही पासात मोठी सवलत असते, त्यांना तिकिटाच्या एक तृतीयांश रक्कमच भरावी लागते. २०२४ पासून एसटी महामंडळ हे पास शाळेतच देऊ लागले आहे. मुख्याध्यापकांनी यादी दिली की पाससाठी आगारात रांग लावायचे कारण नाही. तुमच्या शाळेत पास येत नसतील तर पालकांनी मिळून विचारावे. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल, तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन आगारप्रमुखांना भेटावे. एकट्याच्या तोंडी सांगण्याला वजन नसते, गावाच्या ठरावाला असते.

सरकारी व अनुदानित शाळांत मुलींची शिकवणी फी बारावीपर्यंत माफ आहे. तेव्हा मुलीच्या शिक्षणाला पैसा लागतो म्हणून ती थांबली, असे म्हणण्याआधी शाळेत जाऊन नक्की किती लागतो ते विचारावे. आणि दहावीतली मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. अठरा वर्षांच्या आत तिचे लग्न लावणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. स्थळ चांगले आले, हुंडा मागत नाहीत, म्हणून उन्हाळ्यात उरकून टाकावे, असा विचार घरात सुरू झाला तर वडीलधाऱ्यांनी थांबवावा. चांगले स्थळ चार वर्षांनीही येते. सुटलेली शाळा मात्र सहसा परत येत नाही.

आता दहावीकडे येऊ. आजोबांच्या काळी अकरावीला मॅट्रिक होते. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. तेव्हापासून ‘दहावीचे वर्ष’ हा शब्द घरोघर धाक घालतो. पण त्या परीक्षेची एक गोष्ट पुष्कळ पालकांना माहीत नसते. शंभरातले ऐंशी गुण लेखी परीक्षेचे, तर वीस गुण शाळेतच मिळतात. भाषेला तोंडी परीक्षा, विज्ञानाला प्रात्यक्षिक, गणिताला व समाजशास्त्राला अंतर्गत मूल्यमापन. पास व्हायला पस्तीस लागतात. त्यातले वीस शाळेच्या आवारात, ओळखीच्या गुरुजींसमोर मिळवायचे असतात. जानेवारी-फेब्रुवारीत तोंडी आणि प्रात्यक्षिके चालू असतात, आणि नेमका तेव्हाच हरभरा काढणीला येतो, ऊसतोड चालू असते. ‘दोन दिवस शाळा बुडाली तर काय बिघडते?’ म्हणून पोराला शेतावर नेले आणि तोच दिवस प्रात्यक्षिकाचा निघाला, तर दोन दिवसांच्या मजुरीत ते गुण विकत मिळत नाहीत.

परीक्षाही आता अलीकडे सरकली आहे. २०२४ साली दहावीची लेखी परीक्षा १ मार्चला सुरू झाली होती. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. म्हणजे परीक्षा आणि गव्हाची सोंगणी यांची गाठ पडणारच. तेव्हा दहावीचे मूल घरात असेल तर त्या महिन्याच्या मजुरांची, मळणीयंत्राची सोय डिसेंबरातच लावून ठेवा. रात्री पाण्याची पाळी असली तर त्या महिन्यात ती पोराकडे देऊ नका. विजेची वेळ आपल्या हातात नाही, पण बारे द्यायला कुणी जायचे हे आपल्या हातात आहे.

चित्रकला चांगली असलेल्या मुलांसाठीही एक खबर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात. इंटरमिजिएटला ए श्रेणी असेल तर ७, बी असेल तर ५ आणि सी असेल तर ३. खेळाडूंनाही सवलतीचे गुण आहेत. पण त्याचा प्रस्ताव शाळेने मुदतीत मंडळाकडे पाठवावा लागतो. मुलाकडे असे प्रमाणपत्र पेटीत पडून असेल तर त्याची प्रत आजच शाळेत द्या.

निकालाच्या दिवशी काय करायचे, तेही आधी ठरवून ठेवा. एक-दोन विषय राहिले तर जगबुडी होत नाही. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि दोन विषयांपर्यंत राहिलेल्या मुलाला अकरावीत प्रवेशाची सवलतही आहे. वर्ष वाया जात नाही. नाव शाळेतून कमी झालेल्यालाही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. पीक एका हंगामात बुडाले म्हणून आपण शेत विकून टाकत नाही, मग पोराला तरी एका निकालावरून टाकून का बोलायचे? त्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाने शेतावर जाऊ नये. पोराजवळ बसावे, जेवायला वाढावे, बोलणे दुसऱ्या दिवशी करावे.

पास झालेल्यांनीही जपावे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संबंध राज्यात ऑनलाइन झाले आहेत. पूर्वी गावाजवळच्या कॉलेजात गुणपत्रिका नेऊन दिली की काम व्हायचे. आता फॉर्म भरून कॉलेजांची पसंती क्रमाने द्यावी लागते. तो फॉर्म बाजाराच्या गावी घाईघाईत कुणाकडून भरून घेऊ नका. गुरुजींना विचारा, मुलाला शेजारी बसवा. रोज एसटीने जाता येईल अशी कॉलेजे कोणती, ते घरी आधी ठरवा.

तुम्ही म्हणाल, शाळा हल्ली सगळे मोबाइलवर कळवते. कळवते खरी, पण तो मोबाइल असतो कुणाकडे? बापाच्या खिशात, शेतात, रेंज नसलेल्या जागी. नाहीतर पोराच्याच हातात. पालकसभेची सूचना पोरानेच वाचायची आणि पोरानेच दडवायची, हेही होते. आईपर्यंत तर काहीच पोचत नाही. म्हणून वर्षातून चार खेपा शाळेत घालाव्यात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर रजिस्टर पाहायला, दिवाळीच्या आधी फॉर्म आणि शिष्यवृत्तीसाठी, जानेवारीत तोंडी-प्रात्यक्षिकांच्या तारखा विचारायला, आणि निकालानंतर पुढची वाट ठरवायला. चारपैकी दोन खेपांना आईने जावे.

‘आम्ही अडाणी, गुरुजींपुढे काय बोलणार?’ असे मनात आणू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, ती रयतेच्याच पोरांसाठी. त्यानंतर गावोगावी हायस्कुले उभी राहिली, त्यांना कुणाच्या आजोबांनी जागा दिली, कुणाच्या आजीने धान्य दिले. त्या शाळेच्या दारात उभे राहताना पायातल्या चपलांना चिखल लागलेला असला म्हणून काय झाले?

या आठवड्यात मळणीला एक दिवस उसंत मिळेल. त्या दिवशी जन्मदाखला आणि आधार कार्ड पिशवीत घाला, शाळेत जा, आणि मुलाचे नाव कसे लिहिले आहे ते एकदा पाहून या.

कळावे. पुढच्या खेपेला भेटूच.