दीड मीटरचा शेजारधर्म

आज ३ जून, जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एप्रिल २०१८मध्ये ठराव करून हा दिवस सायकलच्या नावे केला. त्यानिमित्त आज गावोगावी फेऱ्या निघतील, मुले हौसेने सामील होतील, आरोग्याचे आणि पर्यावरणाचे महत्त्व सांगितले जाईल. या फेऱ्यांचे स्वागतच आहे. मात्र त्यांच्यासाठी तासभर रस्ता मोकळा केलेला असतो आणि पोलिसांचा बंदोबस्त असतो. ज्यांना रोज सायकलनेच जावे लागते, त्यांच्या वाट्याला असा रस्ता वर्षातून एकदाही येत नाही. सायकल दिनाचा खरा विषय ही माणसे आहेत.

पहाटे पेपर टाकणारी मुले, दूधवाले, रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन, डबा हँडलला अडकवून कामाच्या साइटवर जाणारे गवंडी आणि बिगारी, तीन-चार किलोमीटरवरच्या शाळेला निघालेल्या आठवी-नववीच्या मुली: महाराष्ट्रातला सायकलस्वार म्हणजे बहुतांशी ही माणसे. २०११च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल होती. मोटार होती ती पाच टक्क्यांहून कमी घरांत. तरीही आपले रस्ते आखताना मोजली जाते ती मोटार. रस्ता रुंद केला की आधी साइडपट्टी जाते, मग झाड जाते आणि शेवटी सायकलवाल्याची जागा जाते.

पंधरवड्याच्या आत शाळा उघडतील आणि पाऊसही येईल. सायकलस्वारासाठी वर्षातला हा सर्वांत धोक्याचा काळ. रिम ओली झाली की ब्रेक धरत नाहीत, डबक्याखालचा खड्डा दिसत नाही, रेनकोटची टोपी डोक्यावर ओढली की बाजूचे दिसत नाही आणि मागचे नीट ऐकू येत नाही. मोटारीतल्या माणसालाही वाहत्या काचेतून समोरची सायकल उशिरा दिसते. म्हणून हा विषय पाऊस उंबरठ्यावर असतानाच बोलायला हवा.

वाहनचालकांची नेहमीची तक्रार असते की सायकलवाले कडेने न जाता मधेच चालवतात. एकदा सायकलवर बसून त्या कडेकडे पाहिले पाहिजे. डांबर जिथे संपते तिथे दोन-चार इंचांची खाच असते. तिच्यालगत वाळू, खडी आणि काचांचा चुरा साचलेला असतो. दर काही पावलांवर चेंबर असतो. त्याचे झाकण रस्त्याच्या पातळीच्या वर तरी असते किंवा खाली तरी. पावसाळी गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेनेच असतील, तर त्यांत सायकलचे चाक सहज अडकते. पुढे उभी केलेली रिक्षा, तिच्यापुढे भाजीची हातगाडी. हे सगळे टाळत जाणारा माणूस कडेपासून हात-दीड हात आत राहणारच. त्यात मुजोरी नाही, पडू नये म्हणून घेतलेली ती काळजी आहे. खड्डा चुकवण्यासाठी त्याला अचानक उजवीकडे यावे लागू शकते, हे मागच्या चालकाने गृहीत धरायला हवे.

इथूनच ओव्हरटेकचा प्रश्न सुरू होतो. ब्रिटनने जानेवारी २०२२मध्ये आपल्या वाहतूक संहितेत सुधारणा केली आणि सायकलस्वाराला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवण्याचा निकष लिहून ठेवला. वाहनाचा वेग जास्त असेल तर अंतरही जास्त. जर्मनीने २०२०मध्ये शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असे अंतर कायद्यात घातले. दीड मीटर हा आकडा हवेतून आलेला नाही. सायकल म्हणजे दोन चाकांवर सतत साधलेला तोल. खड्ड्याने, वाऱ्याने किंवा मागे बसलेल्या मुलाच्या हालचालीने ती फूटभर इकडेतिकडे होणारच. बस वेगाने जवळून गेली की आधी हवेचा धक्का बसतो आणि लगेच आत ओढल्यासारखे होते. त्यातच अगदी कानाजवळ हॉर्न वाजला तर दचकून हँडल वळते. एवढी जागा मिळत नसेल, तर चालकाने मागेच थांबायचे आणि जागा मिळाली की जायचे.

यात वेळ तरी किती जातो? ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने शंभर मीटर जायला नऊ सेकंद लागतात. ताशी १५च्या सायकलमागे राहून तेच अंतर कापायला चोवीस. फरक पंधरा सेकंदांचा. तेवढा वेळ पुढच्या सिग्नलवर एरवीही जातो. एवढ्यासाठी कट मारून जाणे म्हणजे आपल्या पंधरा सेकंदांसाठी दुसऱ्याच्या आयुष्याची जोखीम घेणे होय.

चालत्या वाहनाइतकेच उभे वाहनही घातक ठरते. कडेला मोटार थांबते, मागे न पाहता दार उघडले जाते आणि सायकलस्वार त्यावर आदळतो किंवा दार चुकवण्यासाठी मागून येणाऱ्या ट्रकपुढे जातो. नेदरलँड्समध्ये दार दूरच्या हाताने उघडायची सवय लावतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याने डाव्या हाताने दार उघडले की अंग आणि मान आपोआप मागे वळतात आणि येणारी सायकल दिसते. डावीकडे बसलेल्याने उजवा हात वापरायचा. खर्च शून्य, आणि घरातले लहान मूलही एका दिवसात शिकेल अशी ही सवय आहे.

तिसरा धोका डाव्या वळणाचा. आपण डावीकडून वाहन चालवतो, त्यामुळे सायकल नेहमी ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या अंगाला असते. अवजड वाहनाच्या चालकाला केबिनच्या डाव्या बाजूचा, अगदी चाकालगतचा भाग दिसतच नाही. वाहन वळू लागले की त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आतून, कडेच्या अधिक जवळून जातात. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे सरकलेला सायकलस्वार त्या चाकांखाली सापडतो. चालकाने वळण्याआधी इंडिकेटर देऊन क्षणभर आरशात पाहायला हवे, आणि सायकलस्वाराने थांबलेल्या अवजड वाहनाच्या डाव्या कुशीत कधीही शिरू नये. हा धडा शाळेत चित्र काढून शिकवण्याजोगा आहे.

या सगळ्याच्या मुळाशी वेग आहे. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने जाणारी मोटार साधारण १३ मीटरमध्ये थांबते, ५०ने जाणारी २८ मीटरमध्ये आणि ७०ने जाणारी ४६ मीटरमध्ये. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, म्हणूनच तिशीच्या वेगात खरचटून सुटणारा माणूस साठीच्या वेगात वाचत नाही. फेब्रुवारी २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी, सायकली आणि मोटारी जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा मांडली गेली. आपल्या केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींची कमाल मर्यादा ताशी ७० आहे. ती कमी करण्याचा अधिकार राज्यांना आणि स्थानिक यंत्रणांना आहे. शाळांभोवती तरी तो वापरायला अडचण कोणती?

ग्रामीण भागातले चित्र याहून कठीण आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगरच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, मागचा दिवा असलाच तर उसाखाली झाकलेला असतो, आणि बिघडलेली ट्रॉली अंधारात तशीच रस्त्यावर उभी राहते. संध्याकाळी क्लासहून सायकलने परतणाऱ्या मुलीला ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर असेल तर तेवढेही दिसत नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात, आणि त्या सायकलींमुळे अनेकींची शाळा सुटायची वाचली आहे. सायकल देणाऱ्या सरकारनेच तिला सुरक्षित रस्ताही द्यायचा असतो. रस्त्याच्या भीतीने एखादी मुलगी घरी बसली, तर ती सायकल देऊन काय साधले?

सायकलस्वारांचीही कर्तव्ये आहेत आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजेत. राँग साइडने येणे हा जवळचा रस्ता वाटतो, पण वळणावर समोरून येणाऱ्या चालकाला सावरायला वेळच उरत नाही. अंधारात दिव्याविना सायकल चालवणे म्हणजे जीव दुसऱ्याच्या नजरेच्या भरवशावर सोडणे आहे. पुढे पांढरा दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर, वाजणारी घंटी, धरणारे ब्रेक आणि वळण्याआधी मागे पाहून हात दाखवणे, एवढे तरी हवेच. कानात हेडफोन नको. पूर्वी पुण्यासारख्या शहरांत सायकलला पालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस अडवत. त्या शिस्तीमागे एक मान्यता होती की सायकल हे रस्त्यावरचे रीतसर वाहन आहे. आज पोलीस सायकलवाल्याला अडवत नाहीत, कारण यंत्रणेच्या लेखी तो जणू रस्त्यावर नसतोच.

तरीही दोन्ही बाजूंची जबाबदारी समसमान म्हणता येणार नाही. सायकल आणि स्वार मिळून ऐंशी-नव्वद किलो भरतात, मोटार हजार किलोच्या पुढे, भरलेली बस पंधरा टनांच्या आसपास. सायकलस्वार चुकला तर तोच मरतो. मोटारचालक चुकला तरीही बहुतेक वेळा सायकलस्वारच मरतो. ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते, त्याने अधिक जपून वागायचे, हा साधा न्याय आहे. ब्रिटनच्या सुधारित संहितेने हेच तत्त्व लिहून काढले: ट्रकची जबाबदारी मोटारीहून जास्त, मोटारीची सायकलहून जास्त, आणि सायकलची पायी चालणाऱ्याहून जास्त. शेवटचा भाग सायकलस्वारांनीही लक्षात ठेवावा. फुटपाथवरून चालणाऱ्या आजींना घंटी वाजवून बाजूला करणे हाही त्याच उतरंडीतला अपराध आहे.

माणसांच्या सवयी बदलायला हव्यात, तसा रस्ताही बदलायला हवा. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांची ये-जा केंद्रस्थानी ठेवावी असे सांगितले. त्याच सुमारास पुण्यात बीआरटीबरोबर सायकल मार्ग आले आणि २०१७मध्ये महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. पण या मार्गांवरून सलग जाता येत नाही. कुठे मधेच खांब येतो, कुठे डीपी, कुठे बसथांबा, आणि उरलेल्या जागेत दुचाकी उभ्या असतात. चौक आला की मार्ग संपतो, म्हणजे नेमका जिथे धोका सर्वाधिक तिथे सायकलस्वार उघडा पडतो. भारतीय रोड काँग्रेसने सायकल मार्गांच्या रचनेचे निकष २०१५मध्येच सुधारून दिले आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ला आलेल्या कलम १९८-अ नुसार, सुरक्षेचे निकष न पाळता बांधलेल्या रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपघाताचा पंचनामा मात्र कोणाची चूक, एवढे लिहून थांबतो. रस्त्याची चूक त्यात क्वचितच येते.

हे बदलणे शक्य आहे, याचा दाखला नेदरलँड्सने दिला आहे. आज सायकलींसाठी नावाजलेल्या त्या देशात १९७१मध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईवडील रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ या नावाची चळवळ उभी राहिली, १९७३च्या तेलटंचाईने सरकारलाही विचार करायला लावले. पुढची काही दशके चौक नव्याने बांधले गेले, वस्त्यांतला वेग उतरवला गेला, सायकलला स्वतंत्र वाट मिळाली. तिथल्या पालकांनी अपघाताला नशीब म्हणायचे नाकारले, म्हणून हे झाले. भारतात २०२२मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. आपण मात्र अजूनही ‘वेळ आली होती’ म्हणतो.

म्हणून या सायकल दिनी मागण्या नेमक्या हव्यात. शाळा उघडण्याआधी प्रत्येक महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीने शाळेकडे जाणारे रस्ते निवडून तिथे ताशी ३०ची मर्यादा, गतिरोधक आणि सपाट बसवलेली चेंबरची झाकणे यांची व्यवस्था करावी. गाळप परवाना देताना प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर आणि दिवा असल्याची खात्री करावी. पक्क्या लायसन्सच्या चाचणीत सायकलस्वाराला सुरक्षित अंतराने ओलांडून दाखवणे सक्तीचे करावे. एसटी आणि शहर बससेवेच्या चालकांना वर्षातून एक दिवस सायकलवर बसवून त्यांच्याच मार्गावरून फिरवावे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, हे पोलिसांनी चौकाचौकात फलक लावून सांगावे.

यातले बरेच काही यंत्रणेच्या हाती आहे आणि त्यासाठी तिला जाब विचारत राहावे लागेल. दीड मीटरचे अंतर मात्र प्रत्येक चालकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही निविदेची वाट पाहावी लागत नाही. पुढे चाललेली सायकल ज्याची आहे, तोही आपल्यासारखाच घरी पोचायला निघाला आहे. त्याला जागा द्या, हॉर्न आवरा, वेग उतरवा. रस्ता सर्वांच्या कराच्या पैशांतून होतो, आणि त्यावरून सुखरूप घरी पोचण्याचा हक्कही सर्वांचा सारखाच आहे.