नुरा कुस्ती आणि खरे वैर

गेल्या हिवाळ्यात मी आणि वसतिगृहातला माझा खोलीसोबती आठ दिवस एकमेकांशी बोललो नाही. कारण सांगायला लाज वाटते. मोबाइलवर अमेरिकन कुस्ती पाहताना तो एका पैलवानाच्या बाजूचा, मी दुसऱ्याच्या. शब्दाने शब्द वाढला. त्याने माझ्या गावाचा उद्धार केला, मी त्याच्या. त्या दोन पैलवानांत वैर नव्हतेच. होते ते कोणीतरी कागदावर लिहून दिलेले. भांडत राहिलो ते आम्ही!

डब्ल्यू.डब्ल्यू.ई. या कंपनीच्या कुस्त्यांचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. परंतु केवळ निकाल नव्हे, तर वैरदेखील ठरलेले असते. त्यासाठी पगारी लेखक असतात. आपल्याकडे कुस्तीच्या आरंभी थोडा वेळ खडाखडी चालते. यांची खडाखडी कित्येक आठवडे चालते. आज जोडीदार दगा देतो. पुढच्या आठवड्यात ध्वनिक्षेपकावरून घराण्याचा उद्धार होतो. मग करारावर सह्या करायला दोघे टेबलाशी बसतात आणि ते टेबल हमखास मोडते. सज्जनाला त्या धंद्यात ‘फेस’ म्हणतात, दुर्जनाला ‘हील’, आणि हे सारे खरे म्हणून चालवण्याच्या रिवाजाला ‘केफेब’. प्रेक्षक तिकीट काढतो तो डावपेचांसाठी कमी आणि या वैराचा शेवट पाहण्यासाठी अधिक.

आमच्या सरांपुढे हा विषय काढला तेव्हा ते हसून म्हणाले, “अरे, नाटकातला खून तरी खरा असतो काय?” त्यांनीच रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाचे नाव सांगितले. ‘मिथॉलॉजीज’ या १९५७ च्या ग्रंथात त्याने अशी कुस्ती हा खेळ नसून देखावा आहे, असे मांडले आहे.

सरांचे म्हणणे मला अर्धे पटते. आपल्या शाहिरीतही कलगीवाले आणि तुरेवाले, शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ, म्हणून रात्ररात्र सवाल-जवाब करीत. पण ती चढाओढ कवित्वाची आहे, हे श्रोत्याला ठाऊक असे. नाटकाला शेवटी पडदा असतो. कुस्तीच्या या धंद्याला मात्र पडदा नको असतो. १९८९ मध्ये या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे, ही केवळ करमणूक आहे, अशी कबुली दिली. कारण क्रीडा आयोगाची बंधने टाळायची होती. पुढे मे १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शॉन मायकेल्स, ट्रिपल एच, केविन नॅश आणि स्कॉट हॉल या चौघांनी, पडद्यावरचे वैर विसरून, भर रिंगणात एकमेकांना मिठ्या मारल्या. दोघे कंपनी सोडून चालले होते, म्हणून हा निरोप. त्याची किंमत मागे राहिलेल्या ट्रिपल एचला मोजावी लागली. त्याची ठरलेली बढती हुकली. म्हणजे सरकारपुढे एक आणि लोकांपुढे दुसरे!

हा प्रकार परदेशापुरताच आहे, असेही नाही. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंग काँग यांच्या झुंजींना मुंबई लोटत असे. ‘किंग काँग’ हे नावदेखील रिंगणापुरतेच; माणसाचे नाव होते एमिल चाया.

आणि आपली मातीतली कुस्ती? आपल्या शहराला तिचा मान मोठा. पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा १९६१ मध्ये इथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत, झाली आणि दिनकर दह्यारी पहिले केसरी ठरले. पण ठरवून केलेल्या लढतीला ‘नुरा कुस्ती’ हा शब्दही आपल्याच बोलीत रुळला आहे. त्या शब्दाचा अर्थ मला घरातच कळला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. वडील, म्हणजे अण्णा, चौथी शिकलेले; तरुणपणी जत्रेत लढत. शेजारगावचा एक पैलवान त्यांचा जिवलग मित्र होता. एका दुष्काळी साली दोघांनी ठरवले, की जोड बरोबरीत सोडवायची आणि इनाम वाटून घ्यायचे. इनाम वाढावे म्हणून जत्रेआधी पंधरा दिवस दोघेही पारावर, बाजारात एकमेकांविषयी वाटेल ते बोलू लागले. दोन्ही गावे ईर्ष्येला पेटली. वर्गणी वाढली, इनाम दुप्पट झाले. हलगी वाजली, अर्धा तास धरपकड झाली, पंचांनी कुस्ती सोडवली. पण त्या संध्याकाळी ओढ्याकाठी दोन्ही गावांची पोरे भिडली आणि एकाचा हात मोडला. तो आजही सरळ होत नाही. अण्णांनी आपल्या वाट्याचे पैसे त्याच्या घरी नेऊन दिले आणि पुन्हा आखाड्यात पाय ठेवला नाही. मित्राशी उघड बोलावे, तर बिंग फुटणार. न बोलता न बोलता ती मैत्रीही गेली. अण्णा म्हणतात, “कुस्ती खोटी व्हती रे, पन त्या पोराचा हात खरा मोडला.”

माझे मत एवढेच, की लटके वैर रंगवणे हा गुन्हा नव्हे. पण ते रंगवून पडदा न पाडणे हा गुन्हा आहे. अशी खडाखडी आखाड्याबाहेरही चालते. व्यासपीठावरून एकमेकांवर तुटून पडलेले पुढारी पुढे एकाच पंगतीला जेवताना आपण पाहतो. त्यांच्यापायी भावकीशी अबोला धरून बसलेल्या पोरांना मात्र, खेळ संपला, असे सांगायला कोणी येत नाही.

नवव्या दिवशी मी खोलीसोबत्याला अण्णांची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. उठून दोघांसाठी चहा घेऊन आला. आम्ही अजूनही ती कुस्ती पाहतो, अजूनही विरुद्ध बाजू घेतो. फक्त मोबाइल बंद केला, की वैरही तिथेच बंद. मित्रहो, वरचे लोक पडदा पाडणार नसतील, तर तो आपणच पाडायला शिकले पाहिजे.

— द्वितीय वर्ष, कला