बॅच कोणाची?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि लिहितोय ते भांडायला. कॉलेजचे काही मित्र हे वाचतात, घरचेही वाचतात. तेव्हा शिव्या गाळून लिहितो. :)

आमच्या नांदेडच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरतंय. पंचवीस वर्षं झाली म्हणून ते २०२०लाच व्हायचं होतं, पण कोरोनाने गिळलं. आता येत्या डिसेंबरात करायचं म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघालाय. नाव ‘बॅच १९९५’. सकाळी फुलं, दुपारी विनोद, रात्री कोण कोण ‘सापडलं’ याची मोजदाद. बासष्ट जण सापडले म्हणून सगळे खूश! अरे, पण हे बासष्ट हरवले होते कधी? कुणाचा पुण्यात फ्लॅट, कुणाचा दवाखाना, कुणी बँकेत. एकाच्या फोनमध्ये दुसरा असतोच. याला शोधणं म्हणत नाहीत.

मी एक नाव सुचवलं. औसा तालुक्यातला आमचा मित्र. १९९२च्या जूनमध्ये आमच्याबरोबरच आला, होस्टेलला शेजारच्या खोलीत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावं झोपलेली. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं, ते सगळं अंगावर आलं. लातूर-उस्मानाबादेत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. हा त्याच दिवशी गावाकडे निघाला तो परत आला नाही. त्याची ट्रंक आम्हीच नंतर एस.टी.त टाकून पाठवली.

ग्रुपवर उत्तर आलं, “अरे पण तो आपल्यात पास कुठं झाला? मग ॲड कामून करायचं?”

आता बोला! त्याच्या घरून आलेली शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाताना कुणी मार्कशीट मागितली नव्हती. आणि मध्येच काही तुटलं की बॅचमधून बाद, असा नियम लावायचा तर आपलंही अवघड आहे. आपण प्रवेश घेतला तेव्हा कॉलेज औरंगाबादच्या विद्यापीठाकडे होतं. तिसऱ्या वर्षात, १७ सप्टेंबर १९९४ला, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. आख्खं विद्यापीठ बदललं तरी बॅच तीच राहिली, आणि ज्याचं घर पडलं तो मात्र बॅचबाहेर?

मुलींचं तर विचारूच नका. बासष्टात नऊ. वर्गात किती होत्या ते आठवा जरा, एरवी तर सगळं आठवतं तुम्हाला. दुसऱ्या वर्षानंतर कुणी परभणीला दिली, कुणी बिदरला, कुणी निजामाबादला. आडनाव गेलं, काहींचं नावही गेलं. फेसबुकवर माहेरच्या नावाने शोधून त्या सापडत नाहीत. त्यांच्या भावाच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. त्या आजही भाऊबीजेला येतात, म्हणून मी म्हटलं तारीख दिवाळीतली धरा. तर म्हणे अमेरिकेवाल्यांना ख्रिसमसलाच सुट्टी असते. चौघे आहेत ते.

वर्गणी माणशी साडेतीन हजार, हॉटेलातलं जेवण धरून. २०२४ला मोंढ्यावर सोयाबीन चार हजारांच्या आसपास दिलेल्या माणसाला हे सांगा. कॉलेजच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून वरण-भात केला तर कुणाचं काय बिघडेल?

“त्यालाच संकोच वाटेल रे,” असंही एकाने समजावलं. त्याला विचारलंय का कुणी? संकोच आपल्याला आहे, कारण तेहतीस वर्षांत आपण एक पत्र टाकलेलं नाही, असं मी तिथं लिहिलं. त्यावर अंगठा एकच आला, तोही चुकून असावा.

असो. ग्रुपचं नाव ‘१९९२’ करा आणि यादी हजेरीपटावरून करा, फोनवरून नको, ही माझी मागणी अजून तशीच पडून आहे. पुढच्या रविवारी मी औशाकडे निघतोय. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यात त्याचंही आहे, त्यामुळे जुना पत्ता चालणार नाही, विचारत विचारत जावं लागेल. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. सकाळी सहाला निघू.