स्पॅनिश कोणाची?

आपल्या मुलांनी शाळेत स्पॅनिश घेतलं की आपल्याला कौतुक वाटतं. त्याच शाळेत घरी स्पॅनिश बोलणारं मूल आलं, तर 'त्याचं इंग्रजी कच्चं आहे' एवढंच दिसतं. एकच भाषा एकाचा गुण आणि दुसऱ्याची उणीव कशी?

कॅलिफोर्नियात हा दुजाभाव कायद्यातच होता. १९९८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन २२७ मंजूर केलं. पालकांनी खास परवानगी घेतल्याशिवाय सरकारी शाळांतलं द्वैभाषिक शिक्षण त्यामुळे बंद झालं. हे बदलायला २०१६ चं प्रपोझिशन ५८ यावं लागलं. मायामीच्या 'कोरल वे' शाळेनं मात्र १९६३ मध्येच इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना दोन्ही भाषांतून शिकवायला सुरुवात केली होती. अशा शाळेत प्रत्येक मूल कधी शिकणारं असतं, कधी शिकवणारं.

घरी मराठी बोलल्यानं स्पॅनिश बिघडेल ही भीतीही सोडून द्या. 'मला आंबा आवडतो' आणि 'मे गुस्ता एल मांगो' या दोन्ही वाक्यांत क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. फक्त इंग्रजी येणारं मूल इथे अडखळतं; मराठी मुलाला ही रचना ओळखीची असते. स्पॅनिशमधले 'त' आणि 'द'सुद्धा आपल्या दंत्य उच्चारांच्या जवळचे.

म्हणून शाळेच्या सभेत कॉलेज प्रवेशापुरती स्पॅनिश मागू नका, दोन्ही भाषांचे वर्ग सर्व मुलांसाठी मागा. आपल्या मुलांच्या मराठीला मान हवा असेल, तर शेजारच्या मुलाच्या स्पॅनिशलाही तो मिळायला हवा.